दुसरा पाटा

६ जाने. ६९
माझ्या हातचं: गाडीच्या कमानीचे पाटे आवळायचा शिकंजा. बुश काढायचा पुलर. तुटक्या ॲक्सलची ऐरण. चाकाचा बाक तपासायची फळी. चारही वस्तू शेठच्या कतारगामच्या गॅरेजात राहिल्या. अकरा वर्षं मीही राहिलो. परवा त्याचा डिप्लोमावाला जावई गिऱ्हाइकाला शिकंजा दाखवून म्हणाला, मी बनवला. मी म्हटलं, खोटं. शेठ सगळ्यांदेखत: "मिस्त्री, चोपडी वांच्या वगर आवुं न बने." पुस्तक न वाचणाऱ्याला असं बनवता येत नाही म्हणे. काल मला कामावरून काढून टाकलं.
यापुढे नुसतं शे. लिहीन. पूर्ण शब्दाची शाई त्याच्यावर घालवणार नाही.

९ जाने.
मेहुणा भास्कर जुनी व्हॅन घेऊन दारात. बारडोलीच्या पाशिंजरांसाठी घेतली, पण फार आदळते. एक बाई अर्ध्या वाटेत, कडोदऱ्यालाच उतरली. "पोटातलं पोर हातात येईल, भाऊ." त्याच रस्त्यावर शे.चीही व्हॅन चालते. भास्कर रडकुंडीला. मला मात्र बरं वाटलं: शे.ला दाखवून द्यायची संधी.

११ जाने.
मागच्या कमानी उघडल्या. प्रत्येकीत नऊ पाटे. मुळात मालाची गाडी, वर बाकं ठोकलेली. पाटे गंजून नवांचा एक ठोकळा! तिसरा, पाचवा काढला. बाकीच्यांची टोकं कानशीने गोल केली, मध्ये ग्रीस. दुसऱ्याला हात नाही. पहिला ज्या कडीने, डोळ्याने, गाडीला अडकतो, त्या डोळ्याभोवती याचं टोक वळवलेलं असतं. पहिला तुटला तर चाक तोच धरून ठेवतो. चोपडीत असो-नसो, मी मोडक्या ट्रकखाली पडून पाहिलंय.

१६ जाने.
मागच्या बाकावर काठोकाठ पाण्याचा पेला. कडोदऱ्यापर्यंत. कामाआधी आदळून रिकामा झाला होता, आज बोटभर सांडलं. अर्धं बोट हवं. डावं शॉकप पुन्हा पाहणे.

२५ जाने.
लोक शे.ची गाडी सोडून भास्करसाठी थांबतात. एक म्हातारा म्हणे, हिच्यात झोप लागते: "आमां तो ऊंघ आवी जाय छे!" मुद्दाम स्टँडवर जाऊन शे.चं तोंड पाहिलं. दोनदा.

२९ जाने.
जावई भास्करच्या गाडीखाली वाकून पाटे मोजत होता. सात. मोजता येतं. शिकलेला ना.

२ फेब्रु.
आज मी शे.च्या गाडीखाली वाकलो. तिथेही सातच. पण दुसरा नाही! लांब, ताठ, म्हणून नेमका तोच काढला. पहिला एकटा, तुटला तर चाक धरायला कोणी नाही. हसू आलं. घरी येईपर्यंत गेलं.
बायकोला सांगितलं. तिचं एकच: "गाडीमा बायापोरं बठतस. त्यासनं काय चुकनं?"
मी म्हटलं, माझं काय चुकलं होतं?

४ फेब्रु.
शे. स्वतः नवागामला, माझ्या घरी. पाटे काढूनही त्यांची आदळतेच. टोकं घासली नाहीत, ग्रीस नाही, आदळणारच. हे मी मनात. तोंडाने म्हटलं, स्टँडवर चारचौघांत माफी मागा, मग सगळं सांगतो. हसला. "ए वात जवा दो, मिस्त्री. पैसा बोलो."
दुसऱ्या पाट्याचं तोंडाशी आलं होतं. गिळलं.
त्याची गाडी उद्या सकाळी बारडोलीला सुटते. काय केलं म्हणजे शे.ही वाकेल आणि बायापोरंही—
आठशे देत होता, रोख. नाही म्हटलं.