सईला सांगितलेल्या गोष्टी

रविवार, २ नोव्हेंबर
वाकोल्याची आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आणि आज मी मुलुंडला, यज्ञेशच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले. चौदावा मजला! खिडकीतून अख्खा डोंगर दिसतो. सुनेने, सईने, दारात रांगोळी काढली होती आणि सकाळच्या उन्हाची खोली माझ्यासाठी ठेवली होती. दोघांच्या लग्नाला जेमतेम आठ महिने झालेत. कुकरच्या शिट्ट्या दोन झाल्या की तीन यावरून भांडतात आणि लगेच हसत सुटतात. यज्ञेशच्या बाबांना, देवदत्तांना, हे बघायला मिळायला हवं होतं. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली.

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर रोज पानभर लिहायला लावायच्या, ती सवय इथेही सोडणार नाही.

चहाला सई माझ्या पायाशी येऊन बसली. आई, तुमचं आणि बाबांचं काहीतरी सांगा ना, फिल्मी असेल ते आधी, म्हणाली. मग मी जांभळ्या नारायणपेठ साडीची गोष्ट सांगितली. देवदत्तांनी बढती मिळाल्यावर मला न विचारता आणलेली, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर मोगऱ्याचा गजरा.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
यज्ञेशला बढती मिळाली. पेढे वाटले. सईसाठी त्याने साडी आणली. जांभळी नारायणपेठ, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर गजरा. मला वाटलं, सईनेच त्याला सुचवलं असेल. तिने शपथ घेऊन नाही म्हटलं. यज्ञेश म्हणाला, दुकानात शिरलो आणि हात आपोआप तिकडे गेला.

कौतुक केलं मी. पण आतून काहीतरी टोचलं. ते माझं होतं.

माझी साडी मी पहिल्यांदा कधी नेसले ते आठवायला बसले. आठवेना. देवदत्तांच्या हातात ते पुडकं होतं, एवढंसुद्धा दिसेना. मागच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे, म्हणून झालं असणार.

रविवार, १६ नोव्हेंबर
परवा सईला आरे कॉलनीची गोष्ट सांगितली होती. सांगायची नव्हती, पण साडी नेसून आरशापुढे मिरवत होती, तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, बाई, साडी काय कुणीही आणतं. आमच्या ह्यांनी माझी चप्पल तुटल्यावर आपले बूट मला घातले आणि बसस्टॉपपर्यंत अनवाणी चालले.

आज दोघं आरेला गेले होते. सई यज्ञेशचे बूट घालून परतली. तो मागून अनवाणी, पाय मातीने भरलेले. ती हसत म्हणाली, आई, बघा, तुमचा मुलगापण कमी नाही!

मी खोलीत जाऊन अल्बम काढला. आरेतला आमचा एकच फोटो आहे, रंग उडालेला. देवदत्त आहेत. त्यांच्या बुटांत सई उभी आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर
आता काही सांगायचं नाही. माझ्याकडे देवदत्तांचं जे उरलंय ते एवढंच, आणि सई एकेक आठवण उचलून नेते. तिला कळतही नाही, हेच जास्त झोंबतं.

आज गोड बातमी आली. सईला दिवस गेलेत. यज्ञेशने तिला उचलून घेतलं. तसं मलाही कुणीतरी — नाही. लिहिणारसुद्धा नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर, दुपारी चार
मी तीन दिवस गप्प. ती पुन्हा पायाशी येऊन बसली, पोटावर हात ठेवून. रुसलात का माझ्यावर, विचारलं. मग म्हणाली, तुमचं किती सुंदर झालं सगळं, आई. मलाही तसंच हवंय. सगळं.

सगळं? बरं. घे.

मी तिला तो रविवार सांगितला. ह्यांना जिलबी आणायची हुक्की आली, दहा मिनिटांत येतो म्हणाले. मी चहा झाकून ठेवला. नाक्यावर टँकर फूटपाथवर चढला. खालच्या मजल्यावरची माणसं ओरडत जिन्याने वर आली. एकही गोष्ट गाळली नाही. तिचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. देवा, मला बरं वाटलं.

साडेसहा
काय केलं मी हे. सईचा नवरा म्हणजे माझा यज्ञेश.

तिला सांगितलं, उद्या त्याला घराबाहेर पडू देऊ नकोस. ती म्हणाली, आई, रविवारी तो दहाच्या आत उठतो का कधी? यज्ञेशने माझं कपाळ चेपून दिलं.

तिला सांगितलेलं माझ्यातून निघून जातं, सकाळपर्यंत मला काही आठवणार नाही. म्हणून मोठ्या अक्षरात —

यज्ञेशला खाली जाऊ देऊ नकोस. पद्मजा, दार अडव.

रविवार, २३ नोव्हेंबर
छान ऊन पडलंय. फार हलकं वाटतंय आज.

मागच्या पानावर हे मोठं मोठं काय लिहिलंय? अक्षर माझंच आहे. यज्ञेश तर गेला खाली, जिलबी आणायला. मीच म्हटलं, जा, बाबांसाठीही आण —

देवदत्त अजून कसे आले नाहीत? कुठे गेलेत तेही —

सईने चहा झाकून ठेवलाय. खिडकीतून हलत नाही. खाली माणसं जमलीत. ती अनवाणीच धावत गेली, दार सताड उघडं —

लिफ्ट न घेता जिन्याने कोण येतंय एवढं — ओरडतायत — देवदत्तच असतील, त्यांना नाही का लिफ्टची —