नाश्ता माझ्याकडे लागला

१ नोव्हेंबर २००६, बुधवार. चांदूर बाजार.
आजपासून रोजनिशी. कारण तसंच मोठं आहे. आमच्या माडीवरच्या खोलीत परदेशी पाहुणी राहायला आली. नाव मोराग, देश स्कॉटलंड. कापसाचा अभ्यास करणार आहे. दोनेक वर्षांपासून आमच्या भागात पाहणीवाले एवढे येतात की वावरात वेचणाऱ्या बाया कमी आणि कडेच्या धुऱ्यावर वही घेऊन उभे असलेले जास्त. पण मुक्कामाला कोणी राहत नाही, दुपारच्या गाडीनं अमरावती गाठतात. ही राहणार आहे.

बायकोच्या, मैनाच्या, डोळ्यांत पाणी आलं. आमची लेक आचल लग्न होऊन गेल्यापासून माडीवर झाडू मारायलाही तिचे पाय चढत नव्हते. आज दोनदा पुसून काढली.

पाहणीवाल्यांची सोय करणाऱ्या संस्थेचे किसनराव मॅडमला पोचवायला आले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, खुशालराव, या लोकाईचं सारं नाश्त्यावर असते. मागच्या मॅडमले दुसऱ्या गावी ठेवलं, तं सुकून खारीक झाली बिचारी. हिचा नाश्ता जमला नाई तं महिन्याअखेर अमरावतीच्या हॉटेलात नेऊन ठेवतो.

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, नाश्ता माझ्याकडे लागला.

मैना म्हणाली, तुमाले चहा तरी करता येते का?

तिला वेस्टर्न नाश्त्याची कल्पना नाही. मला आहे. कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत जन्म गेला. मॅनेजरसाहेबांच्या रद्दीतल्या पेपरांवर इंग्रजी शिकलो, तेही कोणाच्या ट्यूशनशिवाय.

२ नोव्हेंबर. पहाटे.
संकल्प. मॅडमशी फक्त इंग्रजीत बोलणे.

दुसरा संकल्प जास्त महत्त्वाचा. कण्या त्यांच्या नजरेस पडू न देणे.

मैना रोज सकाळी ज्वारीच्या कण्या करते. जाड भरडलेली ज्वारी, पाणी, ताक, मीठ, रटरटा शिजवायची. मीही वाडगाभर खातो. पण ते घरातल्या घरात. तंगीच्या सालात माझ्या आईनं आम्हाला कण्यांवरच जगवलं आणि पाहुणा दारात दिसला की ती हंडी पदराखाली घेऊन मागं पळायची. हे मी पाहिलेलं आहे. आता तर पाहुणी वही घेऊन आलेली. खुशालरावाच्या घरी कण्या शिजतात असं तिनं लिहिलं तर स्कॉटलंडपर्यंत अब्रू जायची.

मैनाला ऑर्डर दिली. हंडी मागच्या अंगणातल्या चुलीवर, दार लोटून. मी स्वतः आजपासून कण्या सोडल्या. जो पाहुणीचा नाश्ता तोच माझा.

मैना म्हणाली, बरं बाप्पा.

३ नोव्हेंबर. सकाळी ९.
टोस्ट झाला. गफ्फारभाईंच्या बेकरीत टोस्ट मागितला, त्यांनी टोस दिला. बडीशेपवाला, कडक. जाड लोणी फासून प्लेटमध्ये सजवला. मॅडमनी चावून पाहिला. मग दुसऱ्या बाजूनं चावून पाहिला. चहात बुडवू का, असं विचारलं. मी म्हणालो, नो नो, इंग्लिश स्टाइल. तर म्हणाल्या, मी इंग्लिश नाही, स्कॉटिश आहे. आणि हे मराठीत! पुण्याला शिकल्या म्हणे. आपण उगाच त्रास घेताय, असंही म्हणाल्या.

मी इंग्रजी सोडलं नाही. म्हणालो, नो मेन्शन, ट्रबल इज माइन.

नंतर प्लेट घेऊन त्या मागच्या अंगणात गेल्या. हंडी केव्हाच झाकून ठेवली, असं मैना म्हणाली. उन्हात बसून खाते म्हणाल्या. थंड देशातली माणसं, ऊन दिसलं की सोडत नाहीत. प्लेट परत आली ती लख्ख. चुरासुद्धा नाही.

पहिल्याच झटक्यात यश.

६ नोव्हेंबर.
आज सरळच विचारलं, मॅडम, होममध्ये व्हॉट नाश्ता? त्यांचा चेहरा खुलला. पॉरिज, म्हणाल्या. आणि हातांनी काहीतरी दळल्यासारखं, घाटल्यासारखं करून सांगायला लागल्या. मी तिथंच थांबवलं. म्हणालो, यू डोन्ट वरी, आय नो.

माहीत नाही. पण पाहुण्यानं समजावून सांगावं आणि यजमानानं शाळकरी पोरासारखं ऐकावं, हे बरं दिसत नाही. शोधून काढू.

मागं मैनाचं दार लोटलेलं होतं. ऑर्डर पाळते आहे. समाधान वाटलं.

७ नोव्हेंबर.
गफ्फारभाईंना पोरीजबद्दल विचारलं. म्हणाले, खुशालभाऊ, पोरीज का बोरीज, अपने को नहीं मालूम. सीधा बच्ची से पूछ लो ना. मी म्हटलं, तुमाले नाई समजत, इज्जतीचा सवाल हाय. ते म्हणाले, इज्जत का पता नहीं, तुमारा मुंह लेकिन उतर गया है. टोस कम खाया करो.

स्वतःच्या मालाबद्दल असं बोलणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

९ नोव्हेंबर. अमरावती.
एस.टी.नं आलो. मोठ्या किराणा दुकानात पोरीज मागितलं. दुकानदार म्हणाला, बाहेरचे लोक हेच खातात काका, आणि कॉर्नफ्लेक्सचा खोका हातात ठेवला. मक्याचे पापुद्रे. मोहीम फत्ते.

१० नोव्हेंबर.
पापुद्र्यांवर उकळतं दूध आणि गूळ घातला. लापशी झाली, भिंतीला पोस्टर चिकटवता येईल अशी. मॅडम प्लेट घेऊन उन्हात गेल्या. प्लेट लख्ख.

उरलेला खोका मैनानं मला न विचारता फोडणीत टाकला. शेंगदाणे, हळद, कढीपत्ता. संध्याकाळी दोघी पायरीवर बसून चिवडा म्हणून तो खात होत्या. मी म्हणालो, हे सकाळचं आहे. मॅडम म्हणाल्या, लय भारी झालं जी.

लय! पुण्याचं मराठी बिघडायला लागलं. मैनाला समज देणे.

१३ नोव्हेंबर. सकाळी ७.
आमची शेळी चंद्री चारा खाईना. हिरवा हरभरा दाखवला तरी मान फिरवते. सकाळी मी स्टोव्ह पेटवला की मात्र दोरी ताणून ओरडते. आजारी दिसते. पण अंगानं चांगली भरली आहे, कातडी चमकते. कळत नाही. ढोराच्या डॉक्टरला दाखवणे.

१६ नोव्हेंबर.
मार्मलेड. हे मी पेपरात वाचलेलं आहे. संत्र्याच्या सालीचा मुरंबा, टोस्टवर लावतात. आमच्या चांदूरला संत्र्यांना तोटा नाही. सालं शिजवली, साखर ओतली, घोटत बसलो. थोडं घट्ट झालं. पळी आत उभी राहिली. संध्याकाळपर्यंत पळी निघेना.

मैना म्हणाली, माह्या मायनं देल्ली पळी होती थे.

एक तुकडा फोडून गफ्फारभाईंना चाखायला नेला. त्यांनी बराच वेळ चघळला. मग म्हणाले, भाऊ, नियत अच्छी है.

जाणकाराची दाद वेगळीच.

१८ नोव्हेंबर.
निकाल पाहा. मॅडमचे गाल वर आले. रंग तजेलदार. सकाळी सायकल घेऊन शिरजगावच्या रस्त्यानं वावरं पाहत जातात, दुपारी येतात, तरी थकवा नाही. माझ्या नाश्त्याचा परिणाम.

माझी मात्र पँट कमरेवर थांबत नाही. सुतळी बांधली. पोट साफ नाही. डोळ्यांपुढं अंधारी येते. हवामान बदललं आहे.

अजून एक. मैना ज्वारी भरडून आणा म्हणते. मी म्हटलं, मी तर कण्या सोडल्या, तू एकटी एवढ्या खातेस? ती म्हणाली, उंदरं झाले लय.

उंदरांचं औषध आणणे.

१९ नोव्हेंबर.
औषध आणलं. मैनानं हातातून हिसकावून उकिरड्यावर फेकून दिलं. म्हणाली, एवढे काही वाईट नाईत उंदरं.

बायकांचं मन.

२१ नोव्हेंबर. अकोला, दुपारी.
किसनरावांचा फोन आला होता, रविवारी पाहायला येतो म्हणाले. आता अर्धवट चालणार नाही. पोरीज पाहिजेच. चांदूरहून अमरावती, अमरावतीहून अकोला. कंबर गेली. तिसऱ्या दुकानात म्हातारा शेठ निघाला, पोरीज म्हटल्याबरोबर शिडीवर चढला आणि धूळ पुसत डबा काढला. वर ओट्स लिहिलेलं. म्हणाला, बाहेरदेशचा माल, इकडे कोण खातो बाप्पा, तुमाले काहून पाहिजे? मी नुसता हसलो.

स्टँडवर गाडीची वाट पाहत डिक्शनरी काढून डब्यावरची माहिती वाचली. माझ्या भाषांतराप्रमाणे असं आहे: भरडलेलं धान्य. पाण्यात किंवा दुधात शिजवावं. सारखं ढवळावं. मीठ घालावं.

भाषांतर चुकलं असावं. एवढ्या लांबून समुद्रातून येणारी वस्तू एवढी साधी नसणार. कारागिरी लपवून ठेवतात हे लोक. आपण आपल्या अकलेनं वाढवू.

२३ नोव्हेंबर.
रंगीत तालीम. ओट्स तुपात परतले. साखर, इलायची, काजू, किसमिस, वरून केशर. भिंतीच्या डिस्टेम्परसारखा रंग आला. मॅडमनी एक चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. म्हणाल्या, काकाजी, हे काय आहे? मी म्हणालो, युवर पोरीज. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि धरून ठेवला. गहिवर आला असणार. मलाही आला.

मैना दारातून पाहत होती. मॅडमनी तिला काहीतरी खुणावलं. मैनानं मान हलवली. नाही, अशी.

रविवारी हेच.

२६ नोव्हेंबर, रविवार. रात्री लिहिणार नव्हतो. पण लिहितो.
सकाळी अंगणात टेबल मांडलं. चादर. टोस्ट, लोणी, मार्मलेड (पळीसह), ओट्स. किसनराव खुर्चीत बसले. गफ्फारभाईंनाही बोलावलं, साक्षीदार म्हणून. मी उभा. इंग्रजीत चार शब्द बोलणार होतो. लेडी अँड जंटलमेन, एवढं झालं.

तेवढ्यात चंद्री दोरी तोडून आली. आजारी बिजारी काही नाही. पुढचे दोन्ही पाय टेबलावर ठेवून सरळ मॅडमच्या प्लेटीत तोंड घातलं आणि टोस उचलला. कुरकुर, कुरकुर. रोजच्यासारखी.

मॅडम ओरडल्या, ओ काकू, धरा ना हिले, आज पाहुणे हायत!

किसनरावांनी मॅडमकडे पाहिलं, शेळीकडे पाहिलं, माझ्या कमरेच्या सुतळीकडे पाहिलं. म्हणाले, खुशालराव, नाश्ता करते कोण इथं? शेळी?

गफ्फारभाई आभाळाकडे पाहत होते.

मी म्हणालो, मॅडमच करतात, गाल पाहा त्यांचे. किसनराव म्हणाले, गाल तं दिसून राहिले, पण तुमचे कुठं गेले? मग मॅडमना म्हणाले, खरं सांगा, इथं जमत नसंल तं आजच गाडी आणली हाय.

गाडी म्हटल्यावर मैनाचा चेहरा पांढरा पडला. तो मी पाहिला. आचलची गाडी वळली होती तेव्हा असाच पडला होता.

मॅडम उठल्या. मागचं दार उघडून हंडी घेऊन आल्या. दोन्ही हातांनी, फडक्यात धरून. टेबलाच्या मधोमध ठेवली.

कण्या. किसनरावांपुढं, चारचौघांत, चादरीवर.

मॅडम म्हणाल्या, हेच पॉरिज. आमच्याकडे ओट्सच्या असतात, इकडे ज्वारीच्या. मीठ घालूनच खातो आम्ही, साखर घातलेलं माझ्या आजीला चालायचं नाही. दुसऱ्या दिवशी वास आला म्हणून दार ढकलून मी मागं गेले, तेव्हापासून काकूंबरोबर रोज खाते. काकूंनी शपथ घातली होती. त्याईची हौस हाय, बोलू नको म्हणाल्या.

मैना म्हणाली, उंदीर मी नाई म्हटलं तिले. ज्वारी कुठं जाते विचारलं म्हणून तुमाले तसं सांगतलं.

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मॅडमशी मराठीत बोललो. म्हणालो, आमची माय पाहुणा आला की ही हंडी लपवायची.

त्या म्हणाल्या, आमच्या आजीकडे पाहुणा आला की पहिला वाडगा त्याचा.

किसनरावांनी वाडगा पुढं केला. वरून ताक घ्या म्हणायच्या आत दुसराही मागितला. गाडी रिकामी परत गेली. मॅडम मार्चपर्यंत राहणार, कापसाच्या शेवटच्या वेचणीपर्यंत. एकच विनंती त्यांनी केली, फार हळू आवाजात. काकाजी, नाश्ता बंद करा ना.

२७ नोव्हेंबर. सकाळी ८.
मागचं दार आज उघडंच होतं. चुलीजवळ बसलो. मॅडमनी पहिला वाडगा भरला आणि माझ्यापुढं ठेवला.

म्हणजे घरात पाहुणा मीच निघालो.

खाल्ल्या. दोन वाडगे. अंधारी गेली. तरीही नोंद करून ठेवतो की पोरीज शेवटी माझ्याच घरात सापडलं, आणि शोध मीच सुरू केला होता. हे मैनाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हो बाप्पा, तुमीच. आता पळी काढून द्या.

चंद्री सकाळपासून ओरडते आहे. ओट्सचा डबा नेऊन तिच्यापुढं ओतला. हुंगलं आणि तोंड फिरवलं. तिला टोस पाहिजे. लोणी लावलेला.

मैना म्हणते, सवय तुमी लावली, आता तिचा नाश्ता तुमच्याकडे लागला.

उद्या सकाळी गफ्फारभाईंकडे जाणे.