सुरेखाताईंची सही

४ ऑगस्ट, सोमवार

हॅमिल्टनच्या सुरेखाताईंची तक्रारीची फाइल माझ्याच टेबलावर आली. दारावर येणाऱ्या आमच्या कंपनीच्या फिरत्या दुकानातून हप्त्यानं घेतलेलं वॉशिंग मशीन. बाई वर्षभर एकच धरून बसल्यात — कराराची प्रत दिलीच नाहीत, मग व्याज कसलं? माझा बॉस मॅट म्हणतो, तुमच्या भाषेत बोल, मिटून जाईल.

आडनाव वाचलं. आपल्यातल्याच.

५ ऑगस्ट

फोन केला. आधी बाईंचा आवाज कडक होता. मी म्हटलं, "जय भीम, ताई." बाई एकदम विरघळल्या. गाव कुठलं, आई कशी आहे, तुझ्या ऑफिसकडे पेनरोजला ऑगस्टची थंडी फार का गं — सगळं विचारलं. मग मी हळूच तडजोड काढली. अर्धं व्याज माफ. त्याबदल्यात तक्रार मागे घ्यायची आणि पुन्हा कुठेही दाद मागायची नाही.

ताईंनी अटी पुन्हा एकदा सांगायला लावल्या. मग, "तू म्हणतेस म्हणून करते हो सही."

मॅट: "स्वीट ॲज!" म्हणजे एकदम झकास.

७ ऑगस्ट

सही आली. फाइल बंद करताना जुने कागद चाळले. प्रत दिल्याची नोंद कुठेच नाही. त्यांचंच खरं होतं, प्रत दिल्याशिवाय इथल्या कायद्यानं व्याज लावताच येत नव्हतं. मॅटला दाखवलं. "सही झाली ना? सोड आता." त्याला आधीपासून माहीत होतं!

११ ऑगस्ट

कुकर लावताना, बसमध्ये, लिफ्टमध्ये. तू म्हणतेस म्हणून.

१४ ऑगस्ट

नागपूरहून आईचा फोन. "जय भीम, बाळा." मला उलट म्हणताच येईना. घसा बसलाय म्हणून सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१९ ऑगस्ट

सुरेखाताईंचा फोन. त्यांच्या बहिणीलाही आमचं तसंच तडजोडीचं पत्र गेलंय. "तिला म्हटलं, घाबरू नको, आपली पोरगी आहे तिथे. कुठे सही करायची तेवढं सांग तिला." उद्या सांगते म्हणाले. भित्री कुठली.

२० ऑगस्ट

केला फोन. ऑफिसातूनच, कॉल रेकॉर्ड होतो हे माहीत असून. म्हटलं, बहिणीला सही करू देऊ नका. तुमची मी फसवून घेतली. पुन्हा तक्रार करा, साक्षीला माझं नाव घाला.

त्यांनी नाव नीट लिहून घेतलं. मग फोन ठेवला — जय भीम न म्हणता.