खुंटीवरचा तपकिरी कोट

३ ऑक्टोबर १९६१, मंगळवार
कुवेतात अजून थंडीचं नाव नाही. दुपारी खिडकीच्या कडीला हात लागला तर चटका बसतो. जन्मात कधी थंडीची अशी वाट पाहिली नव्हती. मला दिवस गेलेत, तिसरा महिना चालू आहे, आणि ऑफिसात कळलं तर नोकरी गेलीच. माझ्या आधीची गोव्याची टायपिस्ट अशीच गेली. पोट दिसायला लागलं, साहेबांनी आठवड्याच्या आत पत्र हातात दिलं, आणि त्या खुर्चीवर मी आले. तेव्हा मी पेढे वाटले होते. आठवलं की कसंतरी होतं.
तिचा तपकिरी कोट अजून ऑफिसच्या दारामागच्या खुंटीवर आहे. न्यायला आली नाही.

५ ऑक्टो., गुरु.
पुन्हा एकदा स्वतःलाच समजावते. ह्यांचं शुवैख बंदरातलं काम ऑगस्टात संपलं. नव्या कंपनीने घ्यायचं कबूल केलंय, पण कागद सरकारी कचेरीत पडून. डिसेंबर म्हणतात. तोवर दोघांचाही इकामा माझ्या ऑफिसच्या पत्रावर चालू आहे. नोकरी गेली की राहायची परवानगी गेली, आणि पुढच्या बोटीने मुंबई.
बोट नको. मागच्या वर्षी इकडे येताना बोटीवरच. मस्कत सोडलं आणि. चौथा होता.
डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, या खेपेला बाळंतपण होईपर्यंत प्रवासाचं नाव काढायचं नाही. म्हणजे हे डिसेंबरपर्यंत कोणाला दिसता कामा नये. एवढंच करायचं आहे. एवढंच!

६ ऑक्टो., शुक्र.
सुट्टी. ट्रंक उपसली. ऑफिसला काय काय चालेल ते पलंगावर मांडलं.
राखी सुती : कडक खळ दिली की पुढे फुगते. चांगली.
निळी व्हॉइल : अंगाला चिकटते. बाद.
जांभळी हातमागाची : जाड आहे. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला तर चालेल.
काळा स्वेटर, लग्नातला. कोपराला रफू.
निऱ्या जरा वर खोचल्या, चार जास्त घेतल्या. आरशात बाजूने पाहिलं. काही दिसत नाही. पुन्हा पाहिलं. पुन्हा. हे म्हणाले, "लढाईला निघालीस की ऑफिसला?" आणि उठून आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला.

८ ऑक्टो., रवि.
स्वेटर घालून गेले. बाहेर भट्टी पेटलेली. हेडक्लार्क सबनीस चष्म्यावरून बघत राहिले. पुण्याचे आहेत. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच.
"आठल्येबाई, बरं नाही का?"
एअरकंडिशनरचा वारा बाधतो, म्हटलं.
"तो त्या टोकाला आहे. तुम्ही दाराशी बसता."
खरंच की. घाबरले की माझी अक्कल चरायला जाते. घरी येताना ठरवलं, जागाच बदलायची.

९ ऑक्टो., सोम.
एअरकंडिशनरखालच्या इजिप्शियन कारकुनाची मान धरते. त्याला म्हटलं, माझी दाराजवळची जागा घ्या. आशीर्वाद देत देत टेबल स्वतः ओढून नेलं. आता स्वेटरला कारण आहे. दिवसभर वारा डोक्यावर, बोटं गारठून टायपिंगमध्ये चुका. चालेल.

१२ ऑक्टो., गुरु.
रत्नागिरीहून आलेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर आईचं पार्सल. हिरवा खण, कापसात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या, चिठ्ठी. "तुझ्या सासूबाई नाहीत म्हणून चोरचोळी मीच पाठवते. तिसरा महिना सरायच्या आत अंगावर घाल. बोभाटा करू नकोस."
मागच्या वेळी चोरचोळी झालीच नाही. निघायच्या गडबडीत राहून गेली. आईने तसं एका अक्षराने लिहिलेलं नाही, पण तिने ते मनाला लावून घेतलंय, मला माहीत आहे. मी शिकलेली आहे. मीही लावून घेतलंय.

१३ ऑक्टो., शुक्र.
आमच्याच अंगणात समोरच्या खोलीत हलीमाभाभी राहते, श्रीवर्धनची. नवरा दाऊदभाई शिंपी, पण बायकांचं शिवण तीच करते. इथे मला दिवस गेल्याचं तिला एकटीलाच माहीत. खण घेऊन गेले.
"बाजूला दोन बोटं माया ठेवलाय गो, सुमन. पुढं उसवून सोडायला येल."
म्हटलं, माझा तसा विश्वास नाही या गोष्टींवर.
"नको ठेवू. पन घाल."

१४ ऑक्टो., शनि.
घडलं ते आधी लिहून काढते.
माझ्या मोजणीने तिसरा उद्या संपतो, म्हणून आज चोळी घातली. बांगड्या भरल्या. वरून स्वेटर, बाह्या मनगटापर्यंत. कोणाला दिसणार होतं?
अकराला एअरकंडिशनर बंद पडला. मेकॅनिक येईना. बाराला डोळ्यांपुढे अंधारी आली, टेबलाची कड धरली. सबनीस उठून आले. "स्वेटर काढा. इथे पडलात तर मला उचलावं लागेल."
सगळे बघत होते. काढला.
सबनिसांनी बांगड्या पाहिल्या, चोळी पाहिली, मग माझं तोंड. "हं," म्हणाले आणि जागेवर गेले. तीन मुलींची लग्नं केलेला माणूस. साहेबाला, इजिप्शियनाला नुसता हिरवा रंग दिसला असता. साऱ्या ऑफिसात एकाच माणसाला ते वाचता येत होतं आणि मी नेमकी त्याच्यासमोर बसले.

१६ ऑक्टो., सोम.
सबनीस (यापुढे नुसते स.) अर्धा तास साहेबांच्या खोलीत, दार लावून. मी एकच पत्र तीनदा टाईप केलं.
फायलीत त्या गोव्याच्या टायपिस्टला दिलेल्या पत्राचा कच्चा मसुदा आहे. कामाला लागल्यावर पाहिला होता. हस्ताक्षर स.चंच.

१७ ऑक्टो., मंगळ.
हे म्हणतात, सरळ जाऊन सांग, आपल्याकडचा माणूस आहे. म्हटलं, आपल्याकडचा आहे म्हणूनच भीती वाटते. परका एक वेळ काणाडोळा करील, आपला माणूस माझ्यासाठी नियम मोडला असं कोणी म्हणू नये म्हणून दुप्पट कडक होईल. ह्यांना पटलं नाही. ह्यांना पुण्याची माणसं माहीत नाहीत.

२६ ऑक्टो., गुरु.
काही नाही. दहा दिवस झाले, काही म्हणजे काहीच नाही. स. कामापुरतं बोलतात. "आठल्येबाई" म्हणत नाहीत, नुसता कागद पुढे सरकवतात. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे असं वाटतं आणि लगेच जीभ चावते.

८ नोव्हेंबर, बुध.
घरी दिवाळी असेल. इथे आज पहाटे पहिल्यांदा गारवा. ऑफिसात सगळ्यांच्या अंगात स्वेटर, मी आता वेगळी दिसत नाही. पण माझ्या स्वेटरची खालची दोन बटणं लागत नाहीत. राखी साडी फुगवून फुगवून किती फुगवणार? जांभळीच आलटून पालटून. आलटून पालटून म्हणजे रोज तीच.
मागच्या वेळी जितक्या दिवसांवर गेलं, तो दिवस परवा उलटला. मी कोणाला बोलले नाही, ह्यांनाही नाही. तरी परवा हे बाजारातून कुठून तरी गूळ शोधून घेऊन आले आणि माझ्या हातावर खडा ठेवला. मग मी रडले.

१९ नोव्हें., रवि.
ह्यांचा कागद अजून नाही. "बुक्रा," म्हणाला कचेरीतला माणूस. त्याचा उद्या कधी उजाडतो देव जाणे.
ऑफिस सुटताना स. दाराशी गेले, खुंटीवरचा तपकिरी कोट काढला, धूळ झटकली आणि माझ्या टेबलावर ठेवला. "थंडी वाढली. हा घ्या."
"त्या बाईंचा आहे."
"त्या आता यायच्या नाहीत."
टोपी घातली आणि गेले. चेहऱ्यावरून काही कळेना. दया केली म्हणावं, की तुझीही तीच गत होणार म्हणून सांगितलं? कोट हातावर घेऊन चालत आले, अंगात घालायचा धीर झाला नाही. हे म्हणाले, चांगला जाड आहे, घाल. ह्यांना सगळं सोपं.

२४ नोव्हें., शुक्र.
पाच दिवस कोट दाराबाहेर टांगलेला. आज जांभळीही हार गेली, म्हणून हलीमाभाभीकडे नेला. जरा ढिला करून दे म्हटलं. तिने तो उलटा केला, उजेडात धरला आणि शिवणीवरून बोट फिरवलं.
"इकडं बघ गो. दोन्ही बाजूच्या शिवनी उसवून परत घातल्यात. हातानं. दोरा पन दुसरा हाय. माया होती ती सगली सोडलाय, आता यात काय उरला नाय."
म्हणजे तीही. माझ्यासारखीच आरशात बाजूने बघत असेल. खिशात पेपरमिंटच्या चंदेरी कागदाच्या सहा-सात चांद्या निघाल्या, नीट घड्या घातलेल्या. मीही उलटी दाबायला पेपरमिंटच चघळते. हलीमाभाभीला म्हटलं, मला हा नको, अपशकुनी आहे.
"कोट काय अपशकुनी नाय. तिला कोन शिवनारा भेटला नाय, म्हनून हातानं शिवलान. मी हाय ना. पट्टी घालतंय बगलेपासून खालपर्यंत."
दाऊदभाईंच्या चिंध्यांतून तपकिरी तुकडा शोधला, रंगाला अगदी लागून नाही. चार बोटांची पट्टी दोन्हीकडे. चांद्या फेकणार होते. फेकल्या नाहीत, परत खिशात ठेवल्या.

२८ नोव्हें., मंगळ.
कोट घालून गेले. पुढून सरळ पडतो, काही कळत नाही. हात खाली ठेवले तर पट्टीही दिसत नाही. स.नी मान वर करून पाहिलं, नजर पट्टीवर दोन क्षण थांबली, मान खाली.
दुपारी साहेबांसाठी यादी टाईप करायला दिली. जानेवारीपासून कोणाला ठेवायचं, आठ नावं. स.च्या हातचा मसुदा, प्रत्येक नावापुढे "कायम" लिहिलेलं. सातवं नाव माझं. पुढे काही नाही.
बराच वेळ बघत बसले. शेवटी उठून विचारलंच, इथे काय टाईप करू?
"मोकळं ठेवा. साहेबांशी बोलून मी हाताने भरीन."
"कधी?"
"गुरुवारी."
आणखी विचारावं असं वाटलं. पण ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्यामागच्या मोकळ्या खुंटीकडे बघत होते.
जागेवर आले. पहिली पाच नावं झाली. सहावं अर्ध्यावर असताना आतून कोणीतरी हलकीच टिचकी मारली. गॅस असेल म्हटलं. परत मारली. मागच्या वेळी इथवर आलोच नव्हतो आम्ही. हे असं असतं हे मला माहीतच नव्हतं. हात थांबले. यंत्राचा आवाज थांबला म्हणून स.नी वर पाहिलं.
"काय झालं, आठल्येबाई?"
दीड महिन्याने नावाने हाक मारली.
"काही नाही," म्हटलं.
सहावं नाव पुरं केलं. खाली माझं टाईप केलं, एकही चूक नाही. पुढची जागा मोकळी सोडली.