उजवा कौल

३ फेब्रुवारी
आज पुन्हा तेच! अंगावर पाणी घेतलं आणि तान्ह्या चिमीचं रडणं ऐकू आलं. साबण तसाच, टॉवेल गुंडाळून बाहेर धावले. चिमी सासूबाईंच्या मांडीवर गाढ झोपलेली. आईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या केसांतून गळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं आणि लादी पुसायचं फडकं आणलं.
न झालेलं रडणं ऐकू येतं. हे कोणाला सांगायचं?

५ फेब्रुवारी
लिहूनच टाकते. विळी दिसली की मला चिमी दिसते. खिडकी दिसली की चिमी दिसते — नवव्या मजल्यावरून खाली जाताना. आणि ढकलणारे हात माझे.
माझे!
विळी मी माळ्यावर टाकली. आई दोन दिवस शोधत होत्या. हॉलच्या खिडकीला नवऱ्याकडून, सर्वेशकडून, जाळी मारून घेतली. त्याला सांगितलं, कबुतरं येतात. दहिसरमध्ये कबुतरांना काय तोटा, त्याला लगेच पटलं.
विम्याच्या ऑफिसात अपघाताचे क्लेम तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. प्रत्येक जबाबात एक वाक्य असतंच — क्षणभरच लक्ष नव्हतं. आता ती सगळी माणसं माझ्या घरात येऊन बसल्यासारखं वाटतं.

६ फेब्रुवारी
चिमीला उचलायला आईंना हाक मारते. हात दुखतात म्हणून सांगते. हात ठणठणीत आहेत.

९ फेब्रुवारी
शेवटी सर्वेशला सांगितलं, सगळं. तो घाबरला, पण चिमीला माझ्या हातून काढून घेतलं नाही. त्याचे उपकार कसे फेडू! बोरिवलीच्या एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला.
मला वाटलं होतं, ऐकल्या ऐकल्या त्या पोलिसांना फोन करतील. त्यांनी नीट खोदून खोदून विचारलं आणि मग म्हणाल्या, "श्वेता, तुला हे विचार नकोत म्हणूनच ते छळतायत. हा आजार आहे. तू वाईट आई नाहीस."
तिथेच हमसून हमसून रडले. टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवून त्यांनी मला रडू दिलं.
औषधं दोन सांगितली. एक सर्ट्रालिन — दुधात अगदी कमी उतरते. दुसरी एस्सिटालोप्राम, बाबा गेले तेव्हा मी घेतली होती ती. तिने मला खड्ड्यातून वर काढलं होतं. ती दुधात जरा जास्त उतरते, पण अंगावर पाजणाऱ्यांना तीही देतात, बाळावर लक्ष ठेवायचं. दूध बंद करायची गरज नाही म्हणाल्या. त्यांचा कल या दुसऱ्या गोळीकडे, आधी गुण आलाय म्हणून. पण विचार करून कळव म्हणाल्या.
विचार करून! विचार थांबावेत म्हणून तर आले होते.

११ फेब्रुवारी
सर्वेश म्हणतो, तुला जी बरी वाटेल ती घे. पडद्याचा कपडा निवडतोय का आपण?

१२ फेब्रुवारी
डॉक्टरबाई इंटरनेटवर वाचू नकोस म्हणाल्या होत्या. वाचलं. एका बाईला एका गोळीने छान वाटलं, दुसरीला त्याच गोळीने वाईट. एकीचं बाळ फार झोपायला लागलं म्हणे. बस, तेवढंच डोक्यात राहिलं. चिमी दुपारी जरा जास्त झोपली तर तिला हलवून उठवलं. गोळी अजून घेतलेलीही नाही!
मग मन घट्ट केलं. चिमीच्या पोटात जराही औषध नको, की तिला आई हवी? जुनी गोळी. डॉक्टरबाईंना कळवलं.
गोळी तळहातावर घेऊन बसले आणि गिळताच येईना. तेवढ्यात आई आल्या. विचारलं, कसली? खरं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.
"दूध पाजतंस आणि ह्यो गोळ्यो?"
गोळी परत पाकिटात.

१३ फेब्रुवारी
आईंनी गावी फोन लावला. देवाला कौल लावायला सांगितलाय! आमच्या सासरी कौलाशिवाय पान हलत नाही. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना कळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन आईंनी वर्षभर लांबवलं — देवाने डावा दिला म्हणून. अर्ध्या डोळ्यांनी तांदूळ निवडत राहिल्या.
सर्वेश चिडला. आता देव प्रिस्क्रिप्शन लिहिणार का, म्हणाला. खरं तर मला बरं वाटलं. कुणीतरी ठरवू दे. डावा आला तर नाही घेणार, हे मी मनाशी पक्कं केलंय. कुणाला सांगितलेलं नाही.

१६ फेब्रुवारी
दुपारी गावाहून फोन आला. आई गॅलरीत जाऊन बोलल्या. बराच वेळ आत आल्या नाहीत. मी सोफ्यावर वाट बघत बसलेली. मग आल्या, पाण्याचा पेला माझ्या हातात दिला.
"देवान उजवो दिल्यान. घे. भियां नको."
घेतली.

२० फेब्रुवारी
हात थरथरतात. मळमळतं. भीती आधीपेक्षा जास्त! डॉक्टरबाईंना फोन. सुरुवातीला असं होतं, ओसरेल, मध्येच सोडू नकोस म्हणाल्या. विचार फार वाढले तर लगेच ये.
देवाने उजवा दिलाय, एवढंच घोकत बसते.

२५ फेब्रुवारी
आई चिमीला खाली ठेवतच नाहीत. झोपली तरी मांडीवर. सारखा तिच्या छातीवर हात ठेवून बघतात. मी जवळ गेले की आणखी जवळ घेतात.
कळतं मला. सर्वेशने त्यांना सांगितलं असणार, माझ्या डोक्यात काय येतं ते.

८ मार्च
आज अंघोळीला काही ऐकू आलं नाही. नुसतं पाणी. नळ बंद करून मुद्दाम थांबले, तरी काही नाही.

१२ मार्च
विळी माळ्यावरून काढली. नारळ खवला. ते चित्र अजून येतं, पण दारातूनच परत फिरतं.
आईंचं मात्र तेच. बारीक झाल्यात. जेवताना चिमी मांडीवर. सर्वेशला विचारलं, तू आईंना काय सांगितलंस? तो म्हणतो, काहीच नाही, शपथ.
मग माझ्यावर एवढी नजर का?

१५ मार्च
आज भडकले. म्हटलं, आई, मला बरं वाटतंय, डॉक्टरबाई पण म्हणाल्या. आता तरी चिमीला माझ्याजवळ देत जा. मी खाणार नाही तिला!
बोलून गेले आणि जीभ चावली. आईंना वाईट वाटलेलं दिसलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाय गो."
मग कशासाठी? चिमीचा श्वास बघत बसल्या.

१९ मार्च
गावाहून निलेशभावोजींचा फोन — सर्वेशचा चुलतभाऊ, देवळात कौलाच्या वेळी तेच उभे होते. तब्येत विचारली. मग सहज म्हणाले, "वैनी, ती गोळी नाय घेतलंव तां बरां केलंव. देवान डावोच दिल्यान. दोनदा लावलो. काकीक त्याच दिवशी सांगितलंय."
त्यांची काकी म्हणजे आमच्या आई. फोन ठेवला. आजची गोळी घेतली.
आई सोफ्यावर बसल्या होत्या, चिमीच्या छातीवर हात ठेवून, डोळे तारवटलेले. मी म्हटलं, आई, द्या तिला माझ्याकडे. तुम्ही झोपा जरा. आता मी बघते.
दिली.