रविवारचा पूर्ण पेपर

अण्णा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मला तुमची आठवण येते असं मी म्हणणार नाही. आठवतो तो तुमचा आवाज. लासलगावच्या बाजारात तुम्ही कांद्याचा लिलाव पुकारायचात, एका ट्रॅक्टरपासून दुसऱ्यापर्यंत, मागे व्यापाऱ्यांचा घोळका. तो आवाज चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवावा, हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या वर्षी बाजार बंद असलेला प्रत्येक रविवार तुम्ही माझ्यामागे लावलात. स्वयंपाकघरात पाट, पाटावर पेपर आणि दारात घड्याळ घेऊन तुम्ही. आईनं कुकर लावायचा नाही, मी उठायचं नाही. एकदा मी पाणी मागितलं. आई तांब्या घेऊन अर्ध्यावर आली, तर तुम्ही म्हणालात, "परीक्षेत आई येनार हे का पानी पाजायला? पेपर म्हंजी पुरा पेपर. अर्धी ट्रॉली घेऊन कोनी लिलावाला उभं ऱ्हातं का?" आई तांब्या घेऊन परत फिरली.

इथवरचं मी सोडून दिलं असतं. पण संध्याकाळी ओट्यावर तुमचे व्यापारी मित्र जमायचे, आणि मी चहा घेऊन बाहेर आले की तुम्ही माझे मार्क पुकारायचात, अगदी बाजारातल्या सुरात. "बोला शेठ, बोला! माल ओला हे, बुडाला सडका हे, काय भाव देता?" एक शेठ म्हणाले, "फुकट दिला तरी गाडीभाडं अंगावर पडंल." तुम्ही इतके हसलात की बशीतला चहा धोतरावर सांडला. मी ट्रे धरून उभी आहे, कान तापलेत, आणि तुम्ही म्हणताय, "एक वार, दोन वार..." सौदा पक्का करणारा तिसरा वार तुम्ही कधी म्हणाला नाहीत. मालाला गिऱ्हाईकच नव्हतं ना.

खऱ्या परीक्षेत मी जागची हलले नाही. प्रवेश मिळाला. "भाव आला मालाला," असं सांगत तुम्ही गावभर पेढे वाटलेत. तुमच्या तेराव्यालाही लोक तेच म्हणत होते, पोरीला डॉक्टर केली माणसानं. मी जिलेबी दुसऱ्यांदा वाढून घेतली. चांगली झाली होती.

माझी मुलगी नाशिकला वाढली, तिनं तुम्हाला पाहिलंही नाही. तिचं नशीब. गेल्या वर्षी तिच्या मेडिकल प्रवेशाच्या क्लासमध्ये पूर्ण पेपरच्या टेस्ट सुरू झाल्या तेव्हा तिनं विचारलं, "आई, देऊ का गं? सगळ्या देतायत." मी म्हटलं, काही गरज नाही, एकेक धडा घे, त्याचे प्रश्न सोडव, पुरे झालं. तिला तुमच्यापासून वाचवल्याचा मला केवढा आनंद झाला होता! परीक्षेच्या दिवशी ती केंद्राबाहेर आली ती भिंत धरत. "दोन तासांनी डोकंच बंद पडलं. येत होतं गं सगळं, पण वाचताच येईना." गाडीत बसल्यावर ती रडली नाही. नुसतं म्हणाली, "तू मला एकदाही सलग बसू दिलं नाहीस." मी गाडी सुरू केली.

आता ती पुन्हा तीच परीक्षा देतेय. दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर पूर्ण पेपर असतो. कुकर बंद. दारात खुर्ची टाकून मी बसते, मांडीवर घड्याळ. पाण्याची बाटली मात्र तिच्या हाताशी ठेवते, आणि मार्क तिचे तिलाच सांगते, हळू आवाजात. परवा पेपर संपल्यावर बोटं चोळत तिनं विचारलं, "आजोबा पण असेच बसायचे का गं?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांना वेळच नसायचा."

खोटं बोलताना जीभ अडखळली नाही. पूर्ण पेपरचं तुमचं म्हणणं खरं होतं, अण्णा. पण हे तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही ओट्यावर उभं राहून तिसरा वार पुकारला असता. म्हणून हे पत्र तुमच्या फोटोपुढेसुद्धा ठेवणार नाही.