रुवेन्झोरीच्या धुक्यावरील दोन सावल्या

१ ऑगस्ट २००४, रविवार. मरीन परेड.
पुढील रविवारी इथल्या मराठी मंडळात रुवेन्झोरी पर्वतावर माझे स्लाइड-व्याख्यान. नवऱ्याचा, अजयचा, विरोध होता. मात्र वैदेहीचाच आग्रह; तिचा नवरा मिलिंद अजयबरोबर तिथे गेला आणि बेपत्ता झाला, त्याला महिना होईल. "मंजिरीताई, तो कुठे गेला होता ते तरी नीट कळू दे."
टिपण आजच सर्वांना ई-मेल केले; श्रोते तयारीने आलेले बरे. क्रम: प्राचीन ग्रीकांनी नाईलचा उगम म्हणून नकाशावर दाखवलेला 'चंद्रपर्वत', पायथ्याशी तळ ठोकूनही ढगांमुळे शिखरे न दिसलेले प्रवासी, विषुववृत्तावरील बर्फ, रात्री पाने मिटणारा, माणसाहून उंच लोबेलिया. शेवटी माझा लाडका विषय. सूर्य पाठीशी, धुके समोर. धुक्यावर आपली सावली, तिच्या डोक्याभोवती इंद्रधनुषी वलय. प्रत्येकाला ते केवळ स्वतःच्याच डोक्याभोवती दिसते. म्हणून छायाचित्रातही वलय कॅमेरा धरणाऱ्याचेच.

४ ऑगस्ट, बुधवार.
अजयच्या स्लाइड्स धुऊन आल्या. शेवटची कड्यावरची. दोन सावल्या. एक अजयची: पाठीवर सॅक, दोन्ही हात वर. वलय नाही. दुसरीच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी. वलय तिला.
मिलिंदची टोपी...
अजयने पूर्वीचेच सांगितले: मिलिंदला उंचीचा त्रास झाला म्हणून तो झोपडीत थांबला. वाटाड्या झऱ्यावर गेलेला. अजय एकटाच कड्यावर गेला. परतला तर झोपडी रिकामी.
"मग हा फोटो?"
"मीच काढला. वर दुसरं कुणी नव्हतं."
खोटे बोलताना अजय मान खाली घालतो. आज थेट माझ्याकडे पाहत होता.

६ ऑगस्ट, शुक्र.
ती स्लाइड कपाटात ठेवली. हौगांगच्या घरून वैदेहीचा फोन. "वलयाचं किती छान समजावलंय, ताई." पुन्हा पुन्हा वाचते म्हणाली.

८ ऑगस्ट, रवि.
लोबेलियानंतर पडद्यावर तीच स्लाइड. मी लावलेली नव्हती. प्रोजेक्टरपाशी अजय पांढराफटक.
वैदेही उठून पडद्यापाशी गेली. टोपीच्या काठावर बोट ठेवले. "इथे दुमड आहे. कितीदा इस्त्री केली, गेली नाही कधी." मग माझ्याकडे वळून, "ताई, टिपणात आहे तसं सांगा ना. कॅमेरा कुणाच्या हातात आहे?"
अजय हळूच म्हणाला, "सांग."
मी सांगितले: मिलिंदच्या.
अजयने याही वेळी मान खाली घातली नाही.